गोड्या पाण्याचा समुद्र

२१ ऑक्टोबर १९८८, शुक्रवार

नाही, थांबा. तुमचं हसून झालं की मग मी बोलतो. औरंगाबादेत समुद्र नाही हे तुम्ही मला सांगायची गरज नाही, चोवीस वर्षं इथंच काढलीत मी. आणि मी समुद्र पाहिलेला नाही, हा काय आक्षेप झाला? पाहिला असता तर लिहिलाच नसता. पाहिलेल्या गोष्टींना पंचनामा पुरतो. तो तात्यांनी, माझ्या वडिलांनी, तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात लिहिला, घरात एकानं लिहिला तेवढा बास.

खाजगी वहीला वाचक नसतो म्हणतात. मला पटत नाही. ज्याला वाचक नको तो लिहितो कशाला? तेव्हा तुम्ही आहात असं मी धरून चालतो. तुम्ही आडमुठे आहात असंही.

तर माझा पिक्चर. साल १९४८. रझाकारांच्या धामधुमीत एक पोरगा निजामाच्या मुलखातून पळून मुंबईला जातो आणि समुद्राकाठच्या एका करमणुकीच्या बागेत पाळण्याची तिकिटं फाडायला लागतो. समोर फोटोवाल्याचं दुकान, तिथं कागदाच्या चंद्रात बसून फोटो काढायचा. त्या दुकानात एक मुलगी. नावं दिलेली नाहीत, 'तो' आणि 'ती' एवढंच. मग पोलीस अ‍ॅक्शन होते, मुलूख मोकळा होतो, त्याला घरी जायचं असतं. शेवटच्या दिवशी दोघं पाळण्यात बसतात. पाळणा वर जातो, समुद्र दिसतो, तो काहीच बोलत नाही. उतरतो. जातो. संपलं.

हा शेवट मराठीत आजवर कुणी केला नसेल. केला असेल तर मी वाचलेला नाही.

आज बन्सीला घेऊन कर्णपुऱ्याच्या यात्रेत गेलो होतो. बन्सी लग्नाचे व्हिडिओ काढतो, शहागंजात जिन्याखाली त्याचा स्टुडिओ आहे. कॅमेरा त्याचा, कल्पना माझी. छावणीच्या बाजूला यात्रेचे पाळणे लागतात, त्यातला सगळ्यात जुना आकाशपाळणा कडूबाचा. निळा, बारा झुल्यांचा.

कडूबाला म्हटलं, पाळणा आम्हाला पाण्याकाठी हवा.

"पाण्याकाठी कोन बसनार? मासे?"

बन्सीनं समजावून सांगितलं. मग कडूबा म्हणाला, यात्रा उठली की तो तसाही पाळणा गावी नेतो, दिवाळीपर्यंत वंगण आणि रंग चालतो. गाव पैठणच्या अलीकडं, धरणाच्या फुगवट्याला लागून.

"तिथं या म्हना मास्तर. पर एक सांगतो, रिकामा पाळणा मी फिरवत नसतो."

म्हटलं, रिकामा नाही, दोघं असतील. तो हसला. का हसला ते कळलं नाही.

तर समुद्र मिळाला. धरणाचं नाव तरी नाथसागरच आहे ना? पलीकडचा काठ दिसत नाही. अजून काय पाहिजे तुम्हाला?

२३ ऑक्टोबर, रविवार

दमयंतीच्या घरी वाचन. ती नायिका. विद्यापीठात माझ्याबरोबर होती, आता मुलींच्या शाळेत शिकवते. नायक वैजनाथ, पोस्टात आहे. नाक चांगलं आहे, आणि काळा कोट आहे.

शेवट वाचला. वैजनाथ म्हणाला, छान, पाठ करायला काही नाही.

दमयंती म्हणाली, "तो बोलत का नाही?"

"बोलला तर नाटकी होईल."

"न बोलणं जास्त नाटकी आहे. ती समोर बसलीय, पाळण्यात. कुठं जाणार आहे ती? विचारायचं आणि मोकळं व्हायचं."

"काय विचारायचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि चहाचे कप उचलून आत गेली. वाचनाच्या मधेच उठायची तिची ही सवय चांगली नाही.

परत आल्यावर मी विचारलं की समुद्राचं वर्णन कमी पडतंय का. ती म्हणाली, "लाट परत जाते ना, तेव्हा पायाखालची वाळू ओढून नेते. आपण उभेच असतो, पण वाटतं मागं चाललोय." वाक्य फारच चांगलं होतं. मी लगेच संहितेत घातलं. कल्पनाशक्ती आहे तिला, फक्त वापरत नाही.

निघताना तिचे वडील नानासाहेब भेटले. "काय करता सध्या?" म्हटलं, पैठणच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. "आणि तास नसतात तेव्हा?" म्हटलं, लिहितो. त्यांनी मान हलवली, पाऊस किती पडला हे ऐकल्यावर हलवतात तशी.

दमयंती दारापर्यंत आली. "सहा तारखेच्या आत शूटिंग संपव. जालन्याचे पाहुणे येणार आहेत मला बघायला."

म्हटलं, काळजी करू नकोस, एकतीसच्या आत संपवतो.

"हो ना," ती म्हणाली. "तू वक्तशीरच आहेस."

२७ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला दिवस. सकाळच्या एसटीनं सगळे. पाळणा काठावर उभा, मागं पाणी, एक ढग नाही. मी आधी वही काढली.

मग कडूबा का हसला ते कळलं. पाळणा दोघांवर फिरत नाही. एका बाजूला वजन आलं की तो हिसके देतो, म्हणून समोरच्या झुल्यात तेवढंच वजन लागतं, मग त्याच्या बाजूच्या, मग त्याच्या समोरच्या. कडूबा माणसाकडं नुसतं बघून वजन सांगतो. दमयंतीकडं बघून म्हणाला, "ताई अन् ह्यो हिरो मिळून आमच्या वच्छलाएवढे." वच्छलाबाई म्हणजे त्याची बायको. ती समोर जाऊन बसली. बाकीच्या झुल्यांत अर्धं गाव बसलं. वजन कमी पडलं तिथं एक शेळी.

माझ्या कथेत दोन एकाकी जीव आहेत. तुम्हीच सांगा.

बन्सी म्हणाला, "सर, लग्नात तरी कुठं एकटं सोडतेत नवरा-नवरीला? असू द्या मानसं."

"अरे, ही १९४८ ची मुंबई आहे. पटके कसे चालतील?"

वच्छलाबाई वरून ओरडली, "मुंबईला काय मानसं नसत्यात व्हय?"

पटके राहिले, शेळी पण राहिली.

बन्सीची दुसरी अडचण म्हणजे मी थांब म्हटलं तरी तो थांबत नाही. लग्नात थांबलं तर नेमका हार पडायचा क्षण जातो, म्हणून हात तसा बसलाय म्हणे. टेप वाया जाते म्हणून रागावलो. तो व्हय व्हय म्हणाला आणि माझा रागावतानाचा क्लोजअप घेतला.

२८ ऑक्टोबर

वैजनाथला पाळणा लागतो. तिसऱ्या फेरीत त्यानं मान खाली घातली, चौथ्या फेरीत कोट सोडून सगळं बिघडवलं. त्याला बाभळीखाली झोपवला. आता पाळण्यातले पाठमोरे शॉट कुणाचे घ्यायचे? उंची माझी आणि त्याची सारखी. कोट मी घातला.

पाठमोरा बसलो, समोर दमयंती. चांगलं काम करते ती, पाळण्यात तर फारच. जमिनीवर मात्र तिची नजर चुकते. वैजनाथशी बोलताना त्याच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या उजवीकडं बघते. तिथं मी उभा असतो, म्हणजे बहुतेक माझ्या सूचनांची वाट बघत असावी. दहा वेळा सांगितलं, वैजनाथकडं बघ. बघते, मग परत तेच.

बन्सीला म्हटलं, तुझ्या लक्षात येतंय का?

"येतंय ना सर. पहिल्या दिवसापासून येतंय."

"मग बोलत का नाहीस?"

"माझं काम शूटिंगचं."

२९ ऑक्टोबर

वारा. कागदाचा चंद्र धरणात गेला. वच्छलाबाईच्या दिरानं पोहून आणला. ओला चंद्र जास्त खरा वाटतो.

३० ऑक्टोबर, रविवार

आज अपघातानं सोनं मिळालं.

शेवटचा पाळण्याचा शॉट झाला, मी कट म्हटलं, सगळे उतरले. वच्छलाबाईनं फुटाणे दिले. मी बोलत बोलत खाल्ले आणि मला उचकी लागली. अशी की बोलताच येईना, आणि मला तर वैजनाथला पाच गोष्टी सांगायच्या होत्या. दमयंती हसायला लागली. मग पाण्यात घोट्यापर्यंत गेली, ओंजळ भरून आणली, माझ्या तोंडाशी धरली. निम्मं पाणी कोटावर सांडलं, निम्मं प्यालो. उचकी थांबली. ती म्हणाली, "आता बोल."

मी वैजनाथला पाच गोष्टी सांगितल्या.

आणि बन्सीनं कॅमेरा बंद केलेलाच नव्हता. त्यानं मला कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या भोकातून दाखवलं, इवलंसं, काळंपांढरं. मी कोटात, पाठमोरा, म्हणजे वैजनाथच. मागं समुद्र. ती ओंजळ. तिचा चेहरा. चार दिवस मी तिच्याकडून जे मागत होतो ते सगळं तिथं होतं, आणि तिला माहीतही नाही की ती अभिनय करत होती. याला म्हणतात न ठरवता घडलेली कला. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हो का?"

हा शॉट घेणार. शेवटाच्या जरा आधी.

३ नोव्हेंबर, गुरुवार

तुम्ही हसणार. हसा, सगळे हसलेत, तुमचीच कसर होती.

बन्सीनं दोन व्हीसीआर जोडून पिक्चर तयार केला. आज दुपारी त्याच्या स्टुडिओत सगळ्यांना दाखवला. कडूबा आणि वच्छलाबाई एसटीनं आले. तात्या आले, ही मोठीच गोष्ट. दमयंती मागं स्टुलावर.

चांगलं चाललं होतं. शेळी आली तेव्हा टाळ्या पडल्या. मग ओंजळीचा शॉट आला आणि खोली एकदम गप्प झाली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तात्या म्हणाले, "काय रे, हा समुद्रच ना?"

"हो."

"मग हा पितोय काय?"

वच्छलाबाई म्हणाली, "पानी गोडच हाय की. आमी रोज पितो."

मग जे हसणं सुटलं ते थांबेना. वैजनाथ तर भिंतीला टेकला. चार दिवस सात माणसं त्या काठावर होती, सगळी ते पाणी पोटभर प्याली, आणि एकालाही आठवलं नाही की समुद्र खारा असतो. हे पुस्तकात वाचलेलं असतं हो, पण तहान लागल्यावर पुस्तक कोण आठवतं?

दमयंती हसली नाही. पिक्चर संपायच्या आत निघून गेली होती. तिलाही लाज वाटली असणार.

४ नोव्हेंबर

ठरवलं की तो एक शॉट परत घ्यायचा. ओंजळीतून नुसती वाळू सांडायची, किंवा शिंपले. पाळणा अजून काठावर आहे. शाळा सुटायच्या वेळी दमयंतीच्या घराच्या फाटकापाशी जाऊन थांबलो.

म्हटलं, "तुला चूक कळली ना? पाणी खारट असतं."

"मला माहीत आहे."

"आता सगळ्यांनाच माहीत आहे."

"मला आधीपासून माहीत आहे. सातवी-आठवी मालवणला मामाकडं होते मी. दोन वर्षं रोज समुद्र बघितलाय."

मी थक्क झालो. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? मी वाळूचं सांगितलं, तू वहीत लिहून घेतलंस आणि मान खाली. कुठून आलं म्हणून विचारलंस?"

"बरं, पण त्या दिवशी तरी म्हणायचंस."

"तुला उचकी लागली होती, मधुसूदन."

पूर्ण नाव घेतलं म्हणजे ती चिडली होती. मी समजुतीच्या आवाजात म्हटलं, "ठीक आहे, झालं ते झालं. उद्या परत घेऊ. पाण्याशिवाय."

"मी तो परत देणार नाही."

"का?"

"कारण तो शॉट नव्हता."

आणि फाटक लावून घेतलं. आतून परत म्हणाली, "परवा चार वाजता पाहुणे येतायत. तुझं पिक्चर संपलंय ना? मग झालं तर."

शॉट नव्हता म्हणजे काय? तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर आहे, मी कट म्हटलं होतं. पण एवढ्यासाठी कुणी सहकार्य नाकारतं का?

५ नोव्हेंबर, शनिवार

बन्सीकडं गेलो, म्हटलं, तूच तिला समजाव, तुझं ऐकेल. बन्सी एका लग्नाच्या टेपवर नावं टाकत होता. म्हणाला, "सर, बसा. एक बघा."

त्यानं आपल्या शूटिंगच्या सगळ्या टेपा एकामागून एक लावल्या. पिक्चर नाही, मधलं सगळं. मी कट म्हटल्यानंतरचं, जे मी वाया म्हणत होतो ते. वैजनाथ कोट झटकतोय, दमयंती उजवीकडं बघतेय. कडूबा वंगण घालतोय, दमयंती उजवीकडं बघतेय. शेळी उतरत नाहीये, सगळे शेळीकडं बघतायत, दमयंती उजवीकडं. एका ठिकाणी बन्सीनं कॅमेरा सावकाश तिच्या नजरेच्या मागं नेला. तिथं मी. वहीत तोंड घालून उभा.

"बघा आता," बन्सी म्हणाला, आणि ओंजळ लावली. आवाज मोठा केला. पिक्चरमध्ये तिथं आम्ही बासरी घातली होती, खालचा आवाज मी ऐकलाच नव्हता. पाण्याचा, वाऱ्याचा, माझ्या उचकीचा. मग तिचा, "आता बोल." आणि मी लगेच, "वैजनाथ, पहिली गोष्ट."

बन्सीनं बटण दाबलं. पडद्यावर तिचा चेहरा थांबला. पहिली गोष्ट ऐकतानाचा.

"तीनशे लगनं घेतली म्या," बन्सी म्हणाला. "नवरी कुनाकडं बघती ते मला कळतं. लई नवऱ्या नवऱ्याकडं बघतच नाय. खाली बघत्या, आईकडं बघत्या. ही अशी बघनारी कवा कवा भेटती."

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"म्या काय सांगू? तुम्ही लेखक मानूस. मला वाटलं तुम्हाला ठावं हाय अन् तुम्ही मुद्दाम गप हायसा. पिक्चरमधल्या हिरोवानी. म्हटलं, असंल बुवा नवीन काही."

मग त्यानं टेबलावरची डायरी माझ्याकडं सरकवली. तारखांची, कुठलं लग्न कधी ती. तेरा नोव्हेंबरच्या पानावर लिहिलं होतं, नानासाहेब, साखरपुडा, सकाळी.

"परवा येऊन सांगून गेले. पाहुन्यांनी फोटो बघूनच पसंती कळवली म्हने, उद्याचं नुसतं बघायचं म्हनून बघायचं. तारीख धरून ठेव म्हनले." त्यानं पानावर बोट ठेवलं. "पेन्सिलीनं लिहिलंय सर. सगळी बुकिंगं मी पेन्सिलीनं लिहितो. आजवर खोडायची पाळी दोनदाच आली. तिसऱ्यांदा आली तरी माझी ना नाय."

घरी चालत आलो. सायकल त्याच्या दाराशी राहिली.

६ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून एक वाक्य लिहितोय. नऊ कागद झाले. पहिल्यात उपमा होती. दुसऱ्यात उपमा काढली तर काहीच उरलं नाही. पाचव्यात 'तू' आणि 'मी' यांच्याऐवजी 'ती' आणि 'तो' आलं, तो मी स्वतःच फाडला. नवव्यात नुसतं 'दमू' एवढंच. हे त्यातल्या त्यात बरं आहे.

मला वाटायचं, न बोलणारा माणूस खोल असतो. मी सहा महिने त्या माणसाला लिहिलं. काल पाहिलं त्याला टेपवर. खोल वगैरे काही नाही, त्याच्या तोंडात फुटाणे आहेत.

तात्या आत डोकावून गेले. "सव्वातीन झाले."

"कशाचे?"

"मला काय माहीत. घड्याळाकडं तू बघतोयस." मग दारातूनच, "तो काळा कोट घालू नकोस, पाण्याचा डाग पडलाय. आणि नानासाहेब नोकरीचं विचारतील, तासिका म्हणू नकोस, अधिव्याख्याता म्हण."

"खोटं बोलू?"

"मग तासिकाच म्हण. पण मान वर करून म्हण."

म्हणजे तात्यांनाही ठाऊक होतं. कडूबाला ठाऊक होतं, वच्छलाबाईला तर शेळी चढवली तेव्हापासून ठाऊक असणार. एकट्या मलाच नव्हतं, आणि कथा मी लिहीत होतो.

आता तुमचं काय म्हणणं आहे ते मला माहीत आहे. जालन्याचे पाहुणे येऊन बसलेत, पोह्यांच्या बशा मांडल्यात, अशा वेळी कुणी जातं का? वडीलधाऱ्यांना मधे घालावं, रीतसर विचारावं. रीतसर विचारायला मला आठ दिवस लागतील आणि तेरा तारीख सात दिवसांवर आहे. ती नाही म्हणेल, असंही म्हणा. चार दिवस उजवीकडं बघून तिची मान दुखली असेल, आता नको म्हणेल. म्हणू दे. तिचा हक्कच आहे तो. पण मी विचारल्यावर म्हणेल. सगळ्यांच्या देखत विचारणार आहे, पाहुण्यांच्या, नानासाहेबांच्या, त्या जालन्याच्या माणसाच्याही. बिचाऱ्याचा काही दोष नाही, मी त्याची माफी मागेन. अर्धं गाव भोवती असलं तरी चालतं, पाळणा तसाच फिरतो असं कडूबा म्हणतो.

वाक्य तयार नाही. रस्त्यात सुचेल, नाही सुचलं तर न सुचलेलं बोलेन.

नाही, आता तुम्ही काही बोलू नका. गेले पंधरा दिवस तुम्ही गप्प होता, आणि मी बोलत होतो, आणि त्यातून काय झालं ते पाहिलंत. पेनाचं टोपण सापडत नाहीये. राहू द्या. साडेतीन झाले. चप्पल घातली, निघालो